जोडीचा नंबर

माझं पोट 'कायले' या एका शब्दावर चालतं. आमच्या वऱ्हाडीत कायले म्हणजे कशासाठी. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण प्रोग्राम लिहीत नाही, स्टोऱ्या लिहिते. हे ऐकलं की वणीतले आमचे नातेवाईक आधी खूश होतात आणि मग त्या कोणत्या दिवाळी अंकात येतात ते विचारतात. मग मला समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगण्याइतका धीर माझ्या अंगात मुळातच कमी आहे.

तरी एकदा सांगते. ज्याच्यासाठी ॲप बनवायचं, त्याची गरज त्याच्याच तोंडून एका वाक्यात लिहायची, तिला आमच्यात युजर स्टोरी म्हणतात. अमुक म्हणून मला तमुक हवं आहे, जेणेकरून असं असं होईल. कोण, काय आणि कायले, बस. अशी वाक्यं कॉम्प्युटरवरच्या एका बोर्डावर लावायची, त्यातली थोडी उचलायची, तेवढंच बनवायचं, लोकांच्या हातात द्यायचं आणि पुन्हा विचारायला जायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण लोक पहिले दोन भाग भरभरून सांगतात आणि तिसऱ्यापाशी येऊन अडतात. रिपोर्ट पाहिजे. कायले? साहेब मागतात. साहेब कायले मागतात? मग माणूस माझ्याकडे असा पाहतो की मीच त्याचा काही गुन्हा केला आहे. जेणेकरूनच्या पुढं जिथं उगाच काहीतरी भरलेलं दिसतं, तिथं एक तर काहीच नसतं किंवा काहीतरी लपवलेलं असतं, हे मी अनुभवानं शिकले आहे.

घरात माझ्या या सवयीचा सगळ्यांना वैताग. मी काम घरूनच करते, त्यामुळं आई जेवायला हाक मारते तेव्हा मी ऑनलाइन मीटिंगमध्ये असते, आणि मागून तिचं चाललेलं असतं, आई म्हणून मले तू जेवाले पायजे, जेणेकरून माह्यी भाकर थंडी होनार नाही. आमच्या टीमचा प्रमुख पुण्यात बसतो. त्यानं हे एकदा ऐकलं आणि म्हणाला, तुझ्यापेक्षा तुझी आई बऱ्या स्टोऱ्या लिहिते. मला राग आला, कारण ते खरं होतं.

गेल्या वर्षी आलेलं काम अगदी माझ्या अंगणातलं निघालं. कोळसा वाहून नेणाऱ्या एका खाजगी वाहतूकदाराला ॲप हवं होतं. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या ट्रकची रांग लागते. पुढची गाडी हलली की मागची हलते, ड्रायव्हर गाडी सोडून जाऊ शकत नाही, उन्हातान्हात तिथंच खाणं, तिथंच झोपणं. ॲपनं काय करायचं, तर नंबर मोबाईलवर द्यायचा. तोपर्यंत गाडी मैदानात उभी करून ड्रायव्हरनं खुशाल झाडाखाली पडावं. शिवाय लहान गाडीसाठी जागा मोकळी झाली तर लहान गाडी आधी बोलवायची, मोठीसाठी झाली तर मोठी. रांग गेली, ताप गेला.

माझे बाबा त्याच वाहतूकदाराची गाडी चालवतात. हे मी पहिल्याच दिवशी प्रमुखाला सांगून टाकलं. मला वाटलं तो मला या कामातून काढेल. तो उलट आनंदला. घरातच युजर मिळाला म्हणाला, नशीब काढलंस.

युजर काही बोलेना. मी बाबांना खाटेवर बसवून रीतसर विचारायला घेतलं तर ते म्हणाले, मले काय विचारतं वं, चाचाले विचार. चाचा म्हणजे बाबांचे जोडीदार. पूर्वी त्यांचं वणीत गॅरेज होतं, मग ते स्वतःच स्टेअरिंगवर बसले. त्याला आता इतकी वर्षं झाली की मला चाचांशिवायचे बाबा आठवत नाहीत. दोघं सकाळी बरोबर निघतात, रांगेत एकामागं एक लागतात आणि संध्याकाळी बरोबर येतात. ईदला आमच्या घरी डबा येतो, बुद्धपौर्णिमेला आमची खीर तिकडे जाते. बाबा पुढं काही सांगेनात तेव्हा मी त्यांना हट्टी म्हटलं आणि रांगेकडे गेले.

रांगेच्या तोंडाशी एका बाईची चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर बसून मी एकेका ड्रायव्हरला धरलं. या टपरीवाल्या बाईनं मला रोज चहा पाजला आणि रोज विचारलं, नोकरी लागली का पक्की? लोक सुरुवातीला बिचकले, मग सुटले. पाणी पाहिजे, सावली पाहिजे, संडास पाहिजे. मी म्हटलं, हे ॲपमध्ये नाही देता येत. त्यावर एक जण म्हणाला, मंग ॲप कायले पायजे? माझाच शब्द माझ्यावर उलटला म्हणून सगळे हसले. मीही हसले.

पण एक मागणी सगळ्यांची होती. नंबर देत असशील तर जोडीचा दे. दोन गाड्यांना लागोपाठ, पुढचा न् मागचा, मध्ये तिसरा कुणी यायला नको. लहान-मोठी गाडी असं काही पाहू नको. ज्यांची जोडी मी कधी पाहिली नव्हती तेही हेच म्हणाले. कायले, मी विचारलं. कुणी चहात पाहिलं, कुणी विडी पेटवली. सोबत बरी असते, असं शेवटी एक जण म्हणाला, आणि त्याच्यानंतर सगळ्यांनी तेच उत्तर दिलं. वेगवेगळी माणसं जेव्हा एकाच शब्दात उत्तर देतात तेव्हा तिथं थांबून खणायचं असतं, हे मी नव्या मुलींना शिकवते. त्या दिवशी मात्र मला इतके युजर एकमतानं बोलताहेत याचाच आनंद झाला. मी स्टोरी लिहिली: चालक म्हणून मला माझ्या जोडीदाराच्या गाडीला लागूनच नंबर हवा आहे, जेणेकरून वाटेत सोबत होईल.

प्रमुखानं ती मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचली आणि विचारलं, दोघं दोन वेगवेगळ्या ट्रकमध्ये बसलेले, मग सोबत कसली? मी म्हटलं, तुम्ही पुण्यात बसून हे नाही समजणार. मी गेल्या हिवाळ्यात बाबांच्या गाडीतून हौसेनं चंद्रपूरपर्यंत जाऊन आले होते. पुढं चाचांची पिवळ्या फालक्याची, म्हणजे पिवळ्या रंगवलेल्या मागच्या फळीची गाडी, मागं आम्ही. त्यांनी चहाला थांबवली की आम्ही थांबवायची. त्यांचा ब्रेकचा लाल दिवा सारखा लागायचा आणि विझायचा, मी उतरल्यावर म्हटलं होतं, चाचा, वायरिंग करून घ्या, पूर्वीचे मेकॅनिक ना तुम्ही. ते हसले होते, बाबाही हसले होते. ही सोबत नाही तर काय, असं मी प्रमुखाला ठणकावून सांगितलं. त्यानं ती स्टोरी बोर्डाच्या तळाशी टाकली आणि म्हणाला, वाक्य गोड आहे, पण मला खरं कारण आण.

मला ते लागलं. वऱ्हाडातल्या माणसाला दुसऱ्याची सोबत लागते, एवढी साधी गोष्ट लिहून द्यावी लागते याचाच संताप आला.

मग चाचणीचा दिवस आला. बाबांनी मला आदल्या दिवशी दोनदा सांगून पाहिलं होतं की माझी गाडी यात घेऊ नको. मला वाटलं, मुलीच्या कामात बापाची गाडी नको, लोक बोलतील, असा त्यांचा विचार असणार. मला त्यांचं कौतुकही वाटलं. पण मालकानं सगळ्याच गाड्या चाचणीत घातल्या होत्या. बाबांच्या मोबाईलवर ॲप मीच टाकून दिलं, आवाज मोठा केला, नंबर आला की पूर्ण पडदा हिरवा होईल असं दाखवलं. ते हो हो म्हणाले. मोबाईल त्यांनी लगेच खिशात ठेवला.

उन्हं चढली होती. मैदानात गाड्या उभ्या, मी टपरीपाशी कानाला फोन लावून, फोनवर प्रमुख. पहिले काही नंबर झकास गेले. झाडाखालचा ड्रायव्हर उठतो, कपडे झटकतो, गाडी काढतो आणि फाटकाकडे जातो, मला नाचावंसं वाटत होतं. मग लहान गाडीसाठी जागा मोकळी झाली आणि बाबांचा नंबर लागला. त्यांची गाडी लहान, चाचांची मोठी. बाबांची गाडी चाचांच्या मागं अगदी चिकटून उभी होती. मोबाईल वाजतोय हे मला टपरीपर्यंत ऐकू येत होतं. गाडी हलेना. मागून हॉर्न सुरू झाले. प्रमुख कानात विचारत होता, ती गाडी का अडली, ॲप बंद पडलं का? मी म्हटलं, ॲप नाही, युजर बंद पडलाय, आणि फोन ठेवून तरातरा निघाले.

पायरीवर चढून मी दार उघडलं आणि डाव्या सीटवर बसले. बाबा, नंबर आला, निघा. ते म्हणाले, चाचाले जाऊ दे पह्यले. मी म्हटलं, त्यांचा नंबर अजून नाही. मग मी पण थांबतो, म्हणाले. मोबाईल मांडीवर हिरवागार पेटलेला, आणि ते समोरच्या पिवळ्या फालक्याकडे पाहत बसलेले. माझा पारा चढला. सगळं मैदान पाहत होतं. मी म्हटलं, बाबा, माझ्या कामाचा प्रश्न आहे.

माझ्या कामासाठी बाबांनी कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी चाचांच्या मागून बाहेर निघाली. समोर पांढरं ऊन आणि रिकामा रस्ता. बाबा स्टेअरिंगवर छाती टेकून, मान पुढं काढून बसले होते, दोन्ही हात ताठ. असं बसून गाडी चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, रागावलेत. तेवढ्यात टपरीवाली बाई बादली घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. ती आपल्याच तंद्रीत होती, आणि कायम इथं गाड्या हळूच चालतात याची तिला सवय. मी तिला पाहिलं आणि काहीच बोलले नाही, कारण समोर माणूस असल्यावर ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. गाडी मंदावली नाही. मी म्हटलं, बाबा, बाई.

त्यांनी विचारलं, "कुठं?"

 बाई काचेच्या पलीकडे होती. तिच्या लुगड्याचा रंग मला दिसत होता, बादलीचा पिचका काठ दिसत होता. मी काय ओरडले मला आठवत नाही, ब्रेक म्हटलं असणार. गाडी गचकन थांबली, माझं कपाळ काचेवर आपटलं आणि बाई दिसेनाशी झाली.

ती पडली नव्हती, मागं सरली होती. मी खाली उतरले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि बादली चाकाखाली चपटी. ती शिव्या देईल असं मला वाटलं, नव्हे, तिनं त्या द्याव्यात असं वाटलं.  तिनं वर केबिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला आमची कीव येत होती. ते पाहून मी जास्त घाबरले.

चाचा धावत आले. सरळ पायरी चढले, बाबांना हातानं डावीकडे सरकवलं आणि गाडी मागं घेऊन बाजूला लावली. बाबा पोरासारखे सरकले. हे त्यांनी पूर्वीही केलेलं होतं, हे त्या सरकण्यातच दिसत होतं. मग चाचा खाली आले आणि मला गाडीच्या सावलीत घेऊन गेले. मी विचारलं, बाबांना दिसत नाही का?

"एक डोया गेला, बेटा. शुगरनं खाल्ला," चाचा म्हणाले. "दुसऱ्यात मोतीबिंदू हाय. रंग दिसते त्याले, मोठं असलं तं दिसते. समोर माही गाडी असली की थो बराबर येते."

म्हणून तो फालका पिवळा होता. मी तो रंग चाचांची हौस समजत होते. ब्रेकचा लाल दिवा सारखा लागायचा-विझायचा तोही वायरिंग बिघडल्यामुळं नव्हे. एकदा लागला तर पुढं गतिरोधक, दोनदा लागला तर वळण, लागून राहिला तर थांब. ही भाषा दोघांनी मिळून केली होती आणि तिच्या भरवशावर माझे बाबा कोळशानं भरलेली गाडी भर रस्त्यावरून चालवत होते. गेल्या हिवाळ्यात मी त्याच गाडीत डाव्या सीटवर मांडी घालून बसले होते, शेंगा खात होते, बाबांना शेंगा सोलून देत होते. रस्ता कसा पाठ आहे तुम्हाला, असं म्हणून त्यांचं कौतुक करत होते. 

मी चाचांवर भडकले. तुम्ही त्यांना चालवू कसं दिलं म्हटलं, कुणी मेलं असतं म्हणजे? चाचा शांतपणे म्हणाले, मी नाही म्हटलं असतं तर तो एकटा आला असता. ऑपरेशन करायचं म्हणजे गाडी सोडून घरी बसायचं, आणि एकदा दुसरा माणूस सीटवर बसला की ती सीट परत मिळत नाही. शिवाय डॉक्टरांसमोर गेलं की गेलेला डोळाही उघड होणार, मग लायसन संपलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस गेले. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझी उरलीसुरली अक्कल गेली. बाबा सोडले तर जोडीचा नंबर कुणालाच नको होता. लहान गाडी आधी बोलवणार हे रांगेत कळलं आणि सगळ्यांनी ठरवलं की त्याची पोरगी विचारायला आली की एकच सांगायचं. एकट्यासाठी मागितलं तर संशय बापावर येईल, सगळ्यांनी मागितलं तर ॲपमध्ये जाईल.

म्हणजे सगळ्या रांगेला माहीत होतं. त्या बाकड्यावर बसून मी एकेकाला कायले विचारत होते आणि एकेक जण माझ्या तोंडाकडे पाहून, ही त्याचीच पोरगी हे जाणून, सोबत बरी असते म्हणत होता. टपरीवाली बाई बाजूला चहा गाळत होती. तिलाही माहीत होतं. माहीत असूनही ती त्या रस्त्यावरून रोज बादली घेऊन जात होती.

घरी आले तर आई दारातच. तिला फोन आला असणार, कारण तिनं माझ्या कपाळाकडे आधी पाहिलं. मी म्हटलं, आई, बाबांना दिसत नाही. मला वाटलं, ती हादरेल, मला तिला धरावं लागेल. आईनं पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बस जरा. तुले माहीत होऊ नये असंच त्याईचं म्हननं होतं."

मी बसले. मला रडू येत नव्हतं, रागही पुरेसा येत नव्हता. डोकं नुसतं बधिर झालं होतं. ज्या घरात मी राहते, जिथं बसून मी दिवसभर लोकांना त्यांच्या गरजा विचारते, त्या घरात बाबा ताटातली भाजी बोटांनी चाचपून खातात हे मी पाहिलं होतं. फोन लावायला ते आईला सांगतात, हेही पाहिलं होतं. टीव्हीकडे पाठ करून ते तो नुसता ऐकतात. प्रत्येक गोष्टीला मी स्वतःच कारण लावून टाकलं होतं: वय झालं, मोबाईलचा कंटाळा, बातम्यांचा वीट. एकदाही कायले विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. चाचांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि आत न येता गेले. आम्ही तिघं जेवलो.  ताटं उचलली तेवढ्यात माझ्या मोबाईलवर प्रमुखाचा निरोप आला. त्याला दुपारचं काहीच कळलेलं नव्हतं, चाचणी मध्येच थांबली एवढंच मी सांगितलं होतं. त्यानं लिहिलं होतं की मालकानं जोडीचा नंबर मंजूर केला. सगळेच ड्रायव्हर मागताहेत म्हटल्यावर त्याला ते पटलं. तू भांडलीस ते बरं केलंस, आता स्टोरी नीट करून दे, आम्ही लगेच उचलतो.

 एक वाक्य नीट करून पाठवलं की झालं. बाबांची गाडी कायम चाचांच्या मागं लागणार, ॲपच ती लावणार. सीट राहणार. कुणाला काही कळणार नाही. आणि न पाठवलं तर बाबांना उद्यापासून एकट्यानं जावं लागेल किंवा गाडी सोडावी लागेल, आणि गाडी सोडून माझे बाबा काय करतात हे मी जन्मात पाहिलेलं नाही. मला लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार पाठवून द्यावं असाच आला.

बाबांनी विचारलं, काय आलं? मी सांगितलं. ते उठून माझ्या टेबलापाशी आले आणि स्टूल ओढून बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसले होते. म्हणाले, काय लिहिलं ते वाचून दाखव. मी वाचलं. चालक म्हणून मला माझ्या जोडीदाराच्या गाडीला लागूनच नंबर हवा आहे, जेणेकरून वाटेत सोबत होईल.

"हे तं खोटं हाय," ते म्हणाले. "सोबत कायले पायजे मले? खरं लिही. जेनेकरून मले घरी येता येईन."

मी तसं लिहिलं. दोनदा चुकलं. माझ्या सगळ्या नोकरीत याच्याइतकं खरं वाक्य त्या बोर्डावर आलं नव्हतं, आणि ते मला पडद्यावर बघवत नव्हतं. मला वाटलं, आता ते पाठव म्हणतील. मी त्यांच्या त्या शब्दाची वाट पाहत होते आणि तो येऊ नये असंही मला वाटत होतं. आई मागं उभी होती, तिच्या हातातलं ताट तसंच होतं.

बाबांनी पडद्याच्या उजेडाकडे तोंड केलं. मग त्यांनी विचारलं, "अन् त्या चायवाल्या बाईची कुठं लिहिली?"

मी म्हटलं, तिची नाही लिहिली. ॲप तिच्यासाठी नाही. ती युजर नाही.

"रस्त्यावर तं थे बी हाय," बाबा म्हणाले. "तिले विचारलं असतं, तं तिनं काय सांगतलं असतं?"

 उत्तर पडद्यावर होतं, जेणेकरूनच्या पुढं. मी आत्ताच ते बाबांच्या तोंडून लिहून घेतलं होतं आणि त्यात एकही शब्द बदलावा लागत नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं, कारण त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ते म्हणाले, काढून टाक ते. मी विचारलं, नक्की? त्यांनी मान हलवली. मी ती स्टोरी बोर्डावरून काढून टाकली. प्रमुखाला एका ओळीत कळवलं की जोडीचा नंबर ज्यांनी मागितला होता त्यांना आता तो नको आहे. त्यानं का म्हणून विचारलं. मी त्याला उद्या सांगते म्हटलं.

आईनं ताट खाली ठेवलं. बाबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि चाचांना लावून दे म्हणाले. आजपर्यंत हे काम आई करायची. मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.

"मी हाय," बाबा म्हणाले. "उद्या माही वाट नोको पाहू. तू पुढं हो."

 चाचांनी फोन ठेवला नाही, आणि बाबांनीही तो माझ्या हातातून घेऊन कानाशी धरून ठेवला.